हिप-हॉपच्या जुन्या अल्बमांच्या नव्या आवृत्त्या: पहिली तबकडी घेण्याआधी

नास या रॅपरचा ‘इल्मॅटिक’ हा अल्बम कोलंबिया कंपनीने एप्रिल १९९४ मध्ये काढला. आज तो तबकडीवर घ्यायचा म्हटले, की एकाच मुखपृष्ठाच्या कितीतरी प्रती समोर येतात: त्या वर्षीची मूळ अमेरिकन तबकडी, नंतर निघालेल्या साध्या प्रती, २०१४ मध्ये विसाव्या वर्षानिमित्त आलेली आवृत्ती, रंगीत तबकड्या, आणि कंपनीचे नाव छापलेली पण कंपनीने कधीच न काढलेली एखादी प्रतसुद्धा. नवखा संग्राहक यांतून किंमत पाहून किंवा रंग पाहून निवड करतो आणि बहुतेक वेळा तिथेच फसतो. जुन्या मराठी पुस्तकाची नवी आवृत्ती घेताना ती संक्षिप्त तर नाही ना, मूळ प्रस्तावना ठेवली आहे की गाळली आहे, अक्षर बारीक करून पाने वाचवली आहेत का, हे आपण दुकानात उभ्याउभ्याच चाळून पाहतो. तबकडी अशी चाळता येत नाही, पण तिच्याविषयी हेच प्रश्न विचारता येतात आणि बहुतेकांची उत्तरे पैसे देण्याआधी मिळतात. हिप-हॉपच्या बाबतीत हे प्रश्न इतर कोणत्याही संगीतापेक्षा जास्त महत्त्वाचे आहेत, असे माझे ठाम मत आहे. हे संगीत दुसऱ्यांच्या तबकड्यांमधून उचललेल्या तुकड्यांवर उभे राहिले आणि त्या तुकड्यांच्या मालकीचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

पहिली पायरी: वाजवायचे यंत्र

यावर फार वेळ घालवत नाही. सुईचा दाब कमीजास्त करता येईल असे वजन ज्याच्या दांड्याला मागे लावलेले आहे, असा टर्नटेबल घ्यावा. सुटकेससारखे दिसणारे स्वस्त प्लेअर टाळावेत, कारण त्यांतल्या बहुतेकांना हा दाब जुळवता येत नाही आणि बेस जड असलेल्या तबकडीवर त्यांची सुई उड्या मारते. मग नवखा माणूस तबकडीच खराब निघाली असे समजून ती परत पाठवतो. सर्वसाधारण मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या दांड्याच्या टोकावरच्या भागाला, दीड ते अडीच ग्रॅमच्या आसपास दाब लागतो. नेमका आकडा कार्ट्रिजसोबतच्या कागदावर दिलेला असतो. स्पीकर आणि टर्नटेबल एकाच टेबलावर ठेवू नयेत. हिप-हॉपमधला खोल बेस लाकडातून परत सुईपर्यंत पोहोचतो आणि घुमल्यासारखा आवाज येऊ लागतो.

दुसरी पायरी: गाणी तीच आहेत का, हे तपासणे

सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा. ऐंशीच्या दशकात निर्माते जुन्या फंक, सोल आणि जॅझ तबकड्यांतले तुकडे, म्हणजेच सॅम्पल, बऱ्याचदा परवानगी न घेताच वापरत असत. १९९१ मध्ये गिल्बर्ट ओ’सलिव्हनच्या गाण्याचा तुकडा वापरल्यावरून रॅपर बिझ मार्कीविरुद्धचा खटला न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात गेला. न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच ‘चोरी करू नकोस’ या बायबलमधल्या आज्ञेने केली आणि तेव्हापासून प्रत्येक तुकड्यासाठी आधी परवानगी आणि पैसे हा नियम झाला. त्याआधी निघालेले अल्बम पुन्हा काढायचे झाले, की तीच जुनी थकबाकी समोर येते.

डी ला सोल या हिप-हॉप चमूचे उदाहरण प्रत्येक संग्राहकाने लक्षात ठेवावे. टॉमी बॉय कंपनीने १९८९ मध्ये काढलेल्या त्यांच्या ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’मध्ये इतके तुकडे गुंफलेले होते आणि त्यांचे करार अशा भाषेत झाले होते, की इंटरनेटवरच्या वितरणाचा प्रश्न आला तेव्हा ते अपुरे ठरले. टर्टल्स या बँडच्या सदस्यांनी त्याच अल्बममधल्या एका छोट्या तुकड्यावरून त्यांना न्यायालयात खेचले होते, ते वेगळेच. टॉमी बॉयची मालकी २०२१ मध्ये रेझरव्होअर या कंपनीकडे गेली, एकेका तुकड्याची परवानगी नव्याने मिळवण्यात आली, आणि अखेर ३ मार्च २०२३ रोजी हे अल्बम स्ट्रीमिंगवर आले. सोबत नव्या तबकड्या आणि कॅसेटही निघाल्या. त्या चमूतला डेव्हिड जोलिकर, ज्याला सगळे ट्रुगॉय म्हणत, तो त्याच वर्षीच्या १२ फेब्रुवारीला गेला. तीनच आठवड्यांनी येणारा तो दिवस त्याला पाहता आला नाही. ही नवी आवृत्ती हातात घेताना मला दर वेळी ते आठवते.

काही वेळा मात्र परवानगी मिळत नाही आणि गाणेच बदलले जाते. नोटोरियस बी.आय.जी. या रॅपरचा ‘रेडी टू डाय’ १९९४ मध्ये आला. त्याच्या शीर्षकगीतात ओहायो प्लेअर्स या बँडच्या एका गाण्याचा तुकडा विनापरवाना वापरल्याचा निकाल २००६ मध्ये नॅशव्हिलच्या ज्यूरीने दिला आणि अल्बमची विक्री थांबवण्याचा आदेश निघाला. त्यानंतरच्या प्रतींमध्ये तो तुकडा काढून टाकलेला आहे. बाहेरून पाहणाऱ्याला मुखपृष्ठावर तेच बाळ दिसते, तीच अक्षरे दिसतात. गाणे मात्र तंतोतंत तेच राहिलेले नसते. ज्याला १९९४ चे रूप हवे आहे, त्याने छापल्याचे साल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मराठी वाचकाला जवळचा वाटेल असाही एक दाखला आहे. ट्रुथ हर्ट्स या गायिकेच्या २००२ मधल्या ‘ॲडिक्टिव्ह’ या गाण्यात लता मंगेशकरांचा आवाज वाजतो. तो १९८१ च्या ‘ज्योती’ या हिंदी चित्रपटातल्या ‘थोडा रेशम लगता है’ या गाण्यातून घेतलेला होता. संगीतकार बप्पी लाहिरी न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघीय न्यायालयाने लाहिरींचे नाव छापल्याशिवाय अल्बम विकू नये, असा अंतरिम आदेश दिला. अशा अल्बमच्या प्रती पाहताना श्रेयनामावली वाचायची सवय ठेवली, तर कोणती प्रत वादाच्या आधीची आणि कोणती नंतरची, याचा एक धागा हाताशी लागतो.

तपासायचे कसे, तर तबकड्यांच्या आवृत्त्यांची नोंद ठेवणाऱ्या डिस्कॉग्ज या संकेतस्थळावर अल्बमच्या मूळ प्रतीची आणि घ्यायच्या आवृत्तीची नोंद शेजारी शेजारी उघडावी. गाण्यांची संख्या, क्रम आणि प्रत्येक गाण्याची लांबी जुळवून पाहावी. एखादे गाणे पाच-दहा सेकंदांनी कमी भरले तर ती नोंदीतली चूकही असू शकते. मात्र गाणेच गळलेले असेल किंवा त्याच्या नावापुढे ‘रीमिक्स’ लागलेले असेल, तर पुढे जाण्याआधी थांबावे. त्या नोंदीखालच्या खरेदीदारांच्या टिपाही वाचाव्यात, कारण बदललेला तुकडा सर्वांत आधी त्यांच्याच कानांना खटकलेला असतो.

आणखी एक सापळा म्हणजे शिव्या कापलेली आवृत्ती. अमेरिकेत रेडिओसाठी आणि काही मोठ्या दुकानांसाठी अशा वेगळ्या प्रती निघत असत, आणि आजही त्या सीलबंद मिळतात. मी सुरुवातीच्या दिवसांत नव्वदच्या दशकातली अशीच एक सीलबंद तबकडी मोठ्या आनंदाने घेतली. विक्रेत्याने वर्णनात तसा उल्लेख केलेला नव्हता आणि जॅकेटच्या मागे बारीक अक्षरांत छापलेला ‘क्लीन’ हा शब्द मीही पाहिला नाही. पहिल्याच कडव्यात दर दोन ओळींनी आवाज गिळल्यासारखा बंद पडू लागला, तेव्हा कळले. पुढच्या बाजूवर ‘पॅरेंटल ॲडव्हायझरी’चा काळा-पांढरा शिक्का आहे का, हे नव्वदनंतरच्या अल्बमवर आवर्जून पाहावे. शिक्का नाही म्हणजे प्रत कापलेलीच असते असे नव्हे, पण तेवढ्यावरून विक्रेत्याला विचारायचा प्रश्न सुचतो.

तिसरी पायरी: एका बाजूवर किती मिनिटे आहेत

तबकडीच्या एका बाजूवर, मिनिटाला तेहेतीस फेऱ्यांच्या वेगाने, साधारण अठरा ते बावीस मिनिटे उत्तम बसतात. त्याहून जास्त भरली की काहीतरी सोडावे लागते. बेसचा आवाज कोरताना खाच डावी-उजवीकडे जास्त झुलते आणि तिला जागा लागते. मिनिटे वाढली की खाचा दाटीवाटीने कोराव्या लागतात, मग एकूण आवाज तरी कमी करावा लागतो किंवा बेस तरी. ज्या संगीताचा जीवच ढोल आणि बेस यांच्यात आहे, त्याचे यात किती नुकसान होते, हे वेगळे सांगायला नको. शिवाय सुई मध्याकडे सरकते तसा तिच्याखालून जाणाऱ्या खाचेचा वेग कमी होत जातो, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ चरचरू लागतात. शब्दांनी खच्चून भरलेल्या रॅपमध्ये हा दोष लगेच कानाला लागतो.

‘इल्मॅटिक’ जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. मूळ प्रतीत त्याच्या बाजूंना ‘ए’ आणि ‘बी’ऐवजी न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज वस्तीतल्या रस्त्यांवरून ‘फोर्टिएथ साइड नॉर्थ’ आणि ‘फोर्टी-फर्स्ट साइड साउथ’ अशी नावे दिली होती. असा अल्बम एकाच तबकडीवर निवांत बसतो. पब्लिक एनिमी या चमूचा १९८८ चा ‘इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक’ मात्र सुमारे अठ्ठावन्न मिनिटांचा असूनही मूळ प्रतीत एकाच तबकडीवर बसवला होता. पुढे सीडीचा जमाना आला आणि अल्बम सत्तर मिनिटांच्या पुढे गेले. म्हणून साधा हिशेब करावा: एकूण मिनिटे भागिले बाजू. उत्तर पंचवीसच्या वर गेले, तर तीच गाणी दोन तबकड्यांवर देणारी आवृत्ती आहे का, ते आधी शोधावे, मग ती थोडी महाग असली तरी चालेल. माझ्या मते नव्या आवृत्तीवर जादा खर्च करायला याहून चांगले कारण नाही, कारण इथे ती मूळ प्रतीपेक्षा खरोखर सरस ठरू शकते.

दोन तबकड्यांचीही एक किंमत आहे. दर पंधरा मिनिटांनी उठून बाजू बदलावी लागते आणि अल्बमचा ओघ तुटतो. जे डिला या निर्मात्याचा ‘डोनट्स’ ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, स्टोन्स थ्रो कंपनीने काढला आणि तीन दिवसांनी डिला गेला. त्यात एकतीस छोटे तुकडे एकमेकांत मिसळत जातात आणि शेवटचा पुन्हा पहिल्याला जाऊन मिळतो. तोच अल्बम सात इंची तबकड्यांच्या पेटीतही निघाला आहे. ती पेटी फार देखणी आहे, पण ‘डोनट्स’ पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने ती घेऊ नये.

चौथी पायरी: आवाज कोठून आणला आहे

वेष्टनावर चिकटवलेल्या स्टिकरवर तीन गोष्टी हमखास असतात: ‘रीमास्टर्ड’ (म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणावरून आवाज नव्याने जुळवलेला), ‘१८० ग्रॅम’ आणि ‘लिमिटेड’. यातली पहिलीच महत्त्वाची आहे, तीही तिच्यापुढे माणसाचे आणि मूळ स्रोताचे नाव असेल तर. अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या चमूच्या पहिल्या अल्बमची पंचविसाव्या वर्षाची आवृत्ती २०१५ मध्ये आली, तेव्हा त्यांच्याबरोबर मुळात काम केलेल्या बॉब पॉवर यांनीच जुन्या टेपवरून ती नव्याने सिद्ध केली होती. अशी माहिती छापलेली असेल, तर ती आवृत्ती निर्धास्त घ्यावी. याउलट काहीच लिहिलेले नसेल, तर सीडीवरचाच आवाज उचलून तबकडीवर कोरलेला असण्याची शक्यता धरून चालावे. तबकडीचे वजन वाढले म्हणून आवाज सुधारत नाही. जड तबकडी हातात भारदस्त लागते आणि सहसा कमी वाकते, इतकेच.

‘संपूर्ण ॲनालॉग’, म्हणजे आवाज कुठेच आकड्यांत न बदलता टेपवरून थेट तबकडीवर आलेला, या शब्दांना जॅझच्या तबकड्यांवर जेवढा अर्थ असतो, तेवढा इथे नसतो. १९८७ मध्ये आलेल्या तुकडे साठवून वाजवणाऱ्या ई-म्यू एसपी-१२०० या यंत्रावर पीट रॉकसारख्या निर्मात्यांनी आपले संगीत घडवले. ते यंत्र बारा बिटचे, म्हणजे सीडीच्या सोळा बिटपेक्षा ढोबळ आवाजाचे, होते आणि त्यात एकूण जेमतेम दहा सेकंदांचे तुकडे मावत. तेवढ्या जागेत जास्त बसवायला निर्माते तेहेतीसची तबकडी पंचेचाळीसच्या वेगाने फिरवून तुकडा यंत्रात भरत आणि मग आत तो मंद करून मूळ पट्टीवर आणत. त्या उतरणीत आवाजाला जो खरखरीत, धुळकट पोत येई, तोच या संगीताचा पोत ठरला. म्हणून नव्या आवृत्तीत ती खरखर ऐकू आली तर तबकडीला दोष देऊ नये. ती खरखर घासून पुसून काढलेली असेल आणि ढोल चकचकीत वाजत असतील, तर मात्र रीमास्टरिंग करणाऱ्याने हात जरा जास्तच फिरवला आहे असे समजावे.

पाचवी पायरी: खरी की बनावट

हिप-हॉपच्या बनावट प्रती पूर्वीपासून निघत आल्या आहेत. मूळ तबकडी दुर्मीळ झाली आणि कंपनीला पुन्हा काढण्यात रस राहिला नाही, की ती जागा बनावट प्रती काढणारे भरून काढतात. जॅकेटवरचा फोटो पुसट असणे, बारीक अक्षरांच्या कडा फुटलेल्या असणे, मागच्या बाजूला स्वामित्वाची ओळ नसणे आणि ज्या दुर्मीळ अल्बमची अधिकृत नवी आवृत्ती कुठेच जाहीर झालेली नाही तो अचानक स्वस्तात मिळणे, या सगळ्या खुणा आहेत.

सर्वांत विश्वासू पुरावा मात्र तबकडीवरच असतो. शेवटचे गाणे संपते तिथून मधल्या कागदी लेबलापर्यंत एक गुळगुळीत काळा पट्टा असतो. तबकडी कडांना धरून खिडकीपाशी न्यावी, मोबाइलचा टॉर्च जवळजवळ आडवा धरावा आणि हळूहळू फिरवावी. एरवी न दिसणारी अक्षरे उजळतात: काही यंत्राने ठोकलेली, काही सुईने हाताने कोरलेली. त्यांत त्या प्रतीचा क्रमांक असतो, कधी ‘स्टर्लिंग’ किंवा ‘मास्टरडिस्क’ असा स्टुडिओचा शिक्का असतो, तर कधी तबकडी कोरणाऱ्याची सही. हर्ब पॉवर्स ज्युनियर यांनी कोरलेल्या ऐंशीच्या दशकातल्या तबकड्यांवर ‘हर्बी ज्युनियर’ या सहीशेजारी एक हसरा चेहरा असतो. तो पहिल्यांदा सापडला तेव्हा मी उगाचच दोनदा टॉर्च फिरवून पाहिला होता. हा क्रमांक डिस्कॉग्जवरच्या नोंदीशी अक्षर न अक्षर जुळवावा. ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडे या पट्ट्याचा फोटो मागावा. जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नये.

सहावी पायरी: सजावटीचा मोह

गेट ऑन डाउन या कंपनीने जीझा या रॅपरच्या ‘लिक्विड स्वॉर्ड्स’ची एक आवृत्ती बुद्धिबळाच्या पटासह काढली होती. मुखपृष्ठावरच बुद्धिबळाचे युद्ध असलेल्या अल्बमला ती सजावट शोभून दिसते. रॅपर रेक्वॉनच्या १९९५ मधल्या अल्बमची जांभळी कॅसेटही अशीच पुन्हा निघाली. चाहते तो अल्बम ‘जांभळी टेप’ याच नावाने ओळखत आले आहेत. जिथे सजावट अल्बमच्या इतिहासातून आलेली आहे, तिथे ती जपण्यासारखी असते. केवळ रंगाचे शिंतोडे उडवलेल्या तबकडीसाठी मात्र जादा पैसे देऊ नयेत, आणि चित्र छापलेली तबकडी तर ऐकण्यासाठी घेऊच नये, कारण तिच्यात पार्श्वभूमीचा खरखराट सहसा जास्त असतो.

सातवी पायरी: मागवणे आणि सांभाळणे

यांतल्या बहुतेक आवृत्त्या अमेरिकेत आणि युरोपात निघतात. भारतात मागवताना टपालखर्च, सीमाशुल्क आणि कर मिळून रक्कम तबकडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकते, म्हणून एकेक न मागवता तीन-चार एकत्र मागवाव्यात, किंवा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, सपाट ठेवून आणवाव्यात. विक्रेत्याला तबकडी जॅकेटच्या बाहेर काढून पाठवायला सांगावे. प्रवासात तबकडीची कड आतून घासून जॅकेट फाटते ते त्यामुळे वाचते. जुनी प्रत घेत असाल तर ‘व्हीजी प्लस’ (‘व्हेरी गुड प्लस’, विक्रेते प्रतीची अवस्था सांगायला वापरतात ती श्रेणी) याच्यापेक्षा खालची श्रेणी सुरुवातीला टाळावी.

घरी आल्यावर वरचे घट्ट प्लास्टिक काढून टाकावे. ते कालांतराने आवळत जाते आणि तबकडीला बाक आणते. पीव्हीसीची पिशवी वापरू नये, साध्या पॉलिथिनची वापरावी. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या, न आवळता ठेवाव्यात. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात भिंतीला लागून ठेवलेल्या जॅकेटवर पंधरा दिवसांत बुरशीचे पांढरट ठिपके येतात, म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे, आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि उघडीप मिळाली की दारे उघडी टाकावीत.

पार्सल फोडताना मोबाइलवर चित्रण करावे. नंतर दोन्ही बाजू पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत, परत करण्याची मुदत संपण्याआधी, लक्ष देऊन ऐकाव्यात. मधले छिद्र किंचित सरकलेले असेल तर सुईचा दांडा प्रत्येक फेरीला डावी-उजवीकडे डुलतो आणि लांबवलेला सूर थरथरतो; दाबताना प्लास्टिक नीट भरले नसेल तर एकाच जागी कापड फाटल्यासारखा आवाज येतो. हे दोष धुण्याने जात नाहीत, तबकडी बदलूनच घ्यावी लागते. सगळे ठीक असेल, तर त्या काळ्या पट्ट्यावरचा क्रमांक, घेतल्याची तारीख आणि किंमत एका वहीत लिहून ठेवावी. त्याच अल्बमची आणखी एखादी आवृत्ती पुढे समोर आली, की शेजारी ठेवून पाहायला ही नोंद लागते.